आधी देखरेख, मग किरणोपचार : प्रोस्टेट कर्करोगातील एका निर्णयाचा अभ्यास

बायॉप्सीचा अहवाल हाती येऊन चार दिवस झाले होते आणि शस्त्रक्रियेची तारीख बारा दिवसांवर आली होती, अशा वेळी चौसष्ट वर्षांचे एक गृहस्थ पत्नी आणि मुलीसह माझ्याकडे सल्ला घ्यायला आले. अहवालात ‘कर्करोग’ हा शब्द वाचल्यापासून घरात कोणालाही नीट झोप लागली नव्हती. पत्नीचे म्हणणे एकच होते : जे आहे ते काढून टाकावे आणि मोकळे व्हावे. दुसऱ्या एका तज्ज्ञाने किरणोपचार सुचवले होते. तिसऱ्याने ‘सध्या काहीच करू नका’ असे सांगितले होते आणि ते ऐकून मुलगी घाबरली होती, कारण तिला तो उपचार नाकारल्यासारखा वाटला. अहवाल एकच होता. मते तीन होती.

पुढे जे मांडले आहे ते कोणा एका व्यक्तीचे चरित्र नाही. याच स्वरूपाच्या परिस्थितीतून गेलेल्या अनेकांच्या अनुभवांवरून हे प्रकरण जुळवले आहे. वैद्यकीय तर्क मात्र प्रत्यक्षात जसा चालतो तसाच ठेवला आहे.

हातात काय होते

रक्तातील पीएसए, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे प्रथिन, ८.४ आले होते; सहा आठवड्यांनी पुन्हा तपासल्यावर ते ७.९ भरले. ही दुसरी तपासणी झाली होती हे चांगलेच झाले, कारण लघवीतील जंतुसंसर्गाने किंवा प्रोस्टेटच्या सुजेनेही पीएसए वाढते, आणि एकाच आकड्यावर बायॉप्सीपर्यंत जाणे योग्य नसते. ग्रंथीचा आकार ६२ मिलिलिटर, म्हणजे बराच वाढलेला होता. पीएसएला आकाराने भागल्यावर येणारी घनता ०.१३च्या आसपास होती, ०.१५च्या वर गेल्यास चिंता वाढते. एमआरआयमध्ये उजव्या बाजूला मागे ११ मिलिमीटरचा संशयास्पद भाग दिसला होता आणि पाचपैकी चौथी श्रेणी दिली होती. ग्रंथीच्या कवचाबाहेर प्रसार दिसत नव्हता. बायॉप्सीत घेतलेल्या पंधरा तुकड्यांपैकी पाचांत कर्करोग होता. त्यांतील तीन तुकडे त्या संशयास्पद भागातलेच होते. रोग किती आक्रमक आहे हे सांगणारे ग्लीसन गुण ३+४=७.

याखेरीज आणखी काही गोष्टी अहवालात नव्हत्या, पण निर्णयाच्या दृष्टीने त्या तितक्याच महत्त्वाच्या होत्या. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला होता आणि ॲस्पिरिन चालू होते. रक्तदाब गोळ्यांनी आटोक्यात होता. लघवीची धार बारीक झाली होती, रात्री तीन-चार वेळा उठावे लागे. लघवीच्या लक्षणांच्या प्रश्नावलीत, जिथे जास्त गुण म्हणजे जास्त त्रास, ३५पैकी १७ गुण आले. लैंगिक ताठरता आधीपासूनच कमी होती. हे त्यांनी तीन तज्ज्ञांपैकी कोणालाही सांगितले नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते.

आधी घाई थांबवणे

पहिल्या भेटीत उपचार निवडायचा नाही, एवढेच ठरवले. अशा प्रकारचा, म्हणजे ग्रंथीपुरता मर्यादित आणि मध्यम जोखमीचा कर्करोग आठवड्यागणिक वाढत नाही. विचार करण्यात काही आठवडे, प्रसंगी दोन-तीन महिने गेले तरी त्यामुळे बरे होण्याची संधी हातची जात नाही. पीएसए फार वाढलेले असेल, हाडे दुखत असतील किंवा ग्लीसन गुण ८ ते १० असतील, तर हे वाक्य असे सरसकट म्हणता येणार नाही. पण या गृहस्थांच्या बाबतीत ते लागू होते आणि ते स्पष्टपणे सांगणे हाच त्या दिवशीचा उपचार होता. शस्त्रक्रियेची तारीख रद्द न करता पुढे ढकलली. रद्द करणे म्हणजे एक पर्याय सोडून देणे, असे पत्नीला वाटले असते.

त्यानंतर बायॉप्सीच्या काचा दुसऱ्या, प्रोस्टेटचे नमुने नेहमी पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे पाठवल्या. याचे कारण सविस्तर सांगायला हवे, कारण संपूर्ण प्रकरणाचा रोख त्यावर बदलला. ग्लीसन पद्धतीत पेशींच्या रचनेचे नमुने पाहिले जातात. जो नमुना सर्वाधिक जागा व्यापतो त्याचा आकडा आधी आणि दुसरा त्यानंतर लिहितात. म्हणजे ३+४ आणि ४+३ या दोन्हींची बेरीज ७ असली तरी दुसरा अधिक आक्रमक असतो. एवढे बहुतेकांना सांगितले जाते. न सांगितले जाणारे असे की, ३+४ या एकाच नावाखाली पाच टक्के ‘चौथा नमुना’ असलेला आणि पंचेचाळीस टक्के असलेला, असे दोन्ही रुग्ण येतात आणि त्यांचा रोग सारखा वागत नाही. मूळ अहवालात ही टक्केवारी नव्हती. त्याचप्रमाणे चाळणीसारखी छिद्रे दिसणारी, क्रिब्रिफॉर्म म्हणून ओळखली जाणारी रचना आहे की नाही, याचाही उल्लेख नव्हता. ती असल्यास केवळ देखरेखीवर राहणे बरेच धोक्याचे ठरते. दुसऱ्या वाचनात चौथा नमुना सुमारे दहा टक्के निघाला, क्रिब्रिफॉर्म रचना आढळली नाही.

त्यामुळे चित्र असे झाले : पीएसए दहाच्या आत, बाधित तुकडे निम्म्यांहून कमी, बोटाने तपासल्यावर गाठ लागत नाही, आणि मध्यम जोखमीचा एकच घटक, म्हणजे ग्लीसन ७, तोही सौम्य प्रमाणात. या गटाला ‘अनुकूल मध्यम जोखीम’ म्हणतात. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि निवडक रुग्णांत सक्रिय देखरेख हे तिन्ही मार्ग येथे वैद्यकीयदृष्ट्या मान्य आहेत. तिघा तज्ज्ञांपैकी कोणीही चूक सांगितले नव्हते. प्रत्येकाने आपल्या हातातले साधन पुढे केले होते, आणि ती साधने या माणसाच्या शरीराला व आयुष्याला लावून पाहण्याचे काम मात्र कोणीच केले नव्हते. ‘हे तीन पर्याय, आता तुम्ही ठरवा’ असे म्हणून रुग्णाला एकटे सोडणे म्हणजे त्याच्या स्वायत्ततेचा आदर, असे अनेक डॉक्टर मानतात. मला ते जबाबदारी टाळणे वाटते.

पंधरा वर्षांचा पुरावा कसा वाचला

या प्रश्नावर सर्वांत उपयोगी पुरावा ब्रिटनमधील ‘प्रोटेक्ट’ या चाचणीतून मिळतो. १९९९ ते २००९ या काळात पीएसए तपासणीतून निदान झालेल्या, ग्रंथीपुरता मर्यादित कर्करोग असलेल्या १,६४३ पुरुषांना चिठ्ठीपद्धतीने तीन गटांत विभागले गेले : देखरेख, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार. पंधरा वर्षांचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. प्रोस्टेट कर्करोगाने झालेले मृत्यू तिन्ही गटांत सुमारे तीन टक्क्यांच्या आसपास होते : देखरेखीत ३.१, शस्त्रक्रियेत २.२ आणि किरणोपचारात २.९ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक मानण्याइतका नव्हता. याच काळात सर्व कारणांनी मिळून सुमारे २२ टक्के पुरुष मरण पावले.

गृहस्थांना हे आकडे दाखवल्यावर त्यांचा चेहरा थोडा सैल झाला. मुलीने मात्र लगेच विचारले, ‘मग देखरेखीत तोटा काहीच नाही?’ तोटा होता, आणि तो लपवणे अप्रामाणिकपणाचे ठरले असते. रोग दूरवर पसरण्याचे प्रमाण देखरेखीच्या गटात ९.४ टक्के होते, तर शस्त्रक्रियेत ४.७ आणि किरणोपचारात ५ टक्के. म्हणजे जवळजवळ दुप्पट. शिवाय देखरेखीत ठेवलेल्यांपैकी सुमारे ६१ टक्के पुरुषांनी पंधरा वर्षांत केव्हा ना केव्हा शस्त्रक्रिया किंवा किरणोपचारासारखा मूलगामी उपचार घेतलाच. दुसऱ्या बाजूने हेही खरे की, त्या चाचणीतील देखरेख प्रामुख्याने पीएसएवर चालत असे. आजच्यासारखे नियमित एमआरआय आणि ठरलेल्या वेळी पुन्हा बायॉप्सी त्यात नव्हती. तसेच सहभागींपैकी बहुसंख्यांचे ग्लीसन गुण ६ होते, आपल्या गृहस्थांचे ७. त्यामुळे ते आकडे त्यांना जसेच्या तसे लागू करता येत नव्हते. एक घटक दिलासा देणारा होता आणि दुसरा सावध करणारा.

दुष्परिणामांच्या बाबतीत हीच चाचणी अधिक बोलकी आहे. शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी ४६ टक्के पुरुष लघवीच्या गळतीसाठी पॅड वापरत होते. सहा वर्षांनी हे प्रमाण १७ टक्क्यांवर आले, तर किरणोपचारात ते ४ टक्के होते. लैंगिक क्षमतेला सर्वांत मोठा धक्का शस्त्रक्रियेने बसला. किरणोपचारातही सहाव्या महिन्यात ती बरीच घटली आणि नंतर अंशतः सावरली. देखरेखीच्या गटात ती वयाबरोबर हळूहळू कमी होत गेली. आतड्यांचा त्रास किरणोपचाराच्या वाट्याला आला : बारा वर्षांनी शौचाची गळती सुमारे १२ टक्क्यांत आढळली, इतर दोन गटांत ६ टक्क्यांत.

येथे माझ्याकडून झालेली एक चूक नोंदवायला हवी. पहिल्या दोन भेटींत मी मृत्यूच्या आकड्यांवर फार वेळ घालवला, कारण त्यांची भीती मृत्यूची आहे असे मी गृहीत धरले होते. तिसऱ्या भेटीत, पत्नी बाहेर गेल्यावर, त्यांनी सांगितले की त्यांच्या वडिलांची अखेरची चार वर्षे लघवीच्या नळीसह गेली होती. कपड्यांना येणारा वास, पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसणे, हे सारे त्यांनी जवळून पाहिले होते. ‘मरणाचे मला फार वाटत नाही, पण तसे जगायचे नाही,’ हे त्यांचे शब्द. काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेला त्यांनी होकार दिला होता, पण नंतर गळती होऊ शकते हे त्यांच्या मनात नीट उतरलेच नव्हते. ताठरतेबद्दल विचारल्यावर त्यांनी शांतपणे सांगितले की त्या बाबतीत आता फारसे उरलेले नाही आणि त्यावरून निर्णय फिरवू नये. दुसऱ्या एखाद्या पुरुषाचे उत्तर नेमके उलट असते, आणि त्याच अहवालावर त्याचा मार्ग वेगळा निघाला असता.

देखरेखीची लेखी अट

चौथ्या भेटीत त्यांनी सक्रिय देखरेख निवडली. ‘काही करू नका’ आणि ‘सक्रिय देखरेख’ यांतील अंतर घरच्यांना कळावे म्हणून सर्व अटी एका कागदावर लिहून काढल्या. दर सहा महिन्यांनी पीएसए, वर्षाने एमआरआय आणि त्यानंतर पुन्हा बायॉप्सी. कोणत्याही तुकड्यात चौथा नमुना वीस टक्क्यांच्या वर गेला, क्रिब्रिफॉर्म रचना दिसली किंवा ४+३ निघाले, तर उपचार सुरू. केवळ पीएसए वाढले तर थेट उपचार नाही. आधी एमआरआय आणि गरज पडल्यास बायॉप्सी. शेवटची अट सर्वांत उपयोगी ठरली. आठव्या महिन्यात पीएसए १०.९ आले आणि घरात पुन्हा तीच रात्र उगवली. लघवीत जंतुसंसर्ग निघाला. त्यावर उपचार झाल्यानंतर सात आठवड्यांनी पीएसए ८.८वर उतरले. कागद नसता तर त्या आठवड्यात घाबरून शस्त्रक्रिया झाली असती, असे त्यांच्या मुलीने नंतर सांगितले.

लघवीच्या त्रासासाठी स्नायू शिथिल करणारी टॅम्सुलोसिन ही गोळी सुरू केली. ग्रंथी आकुंचित करणारी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड मुद्दाम टाळली, कारण काही महिन्यांत त्या पीएसए सुमारे निम्म्यावर आणतात आणि हे लक्षात न घेतल्यास देखरेखीतील आकडे फसवे होतात. चार महिन्यांत लक्षणांचे गुण १७वरून ९वर आले. त्या वेळी ही साधी सुधारणा वाटली. पुढे तिनेच किरणोपचाराचा मार्ग मोकळा केला.

चौदाव्या महिन्यात

बाराव्या महिन्यातील एमआरआयमध्ये तो भाग ११वरून १४ मिलिमीटर झाला होता. चौदाव्या महिन्यातील बायॉप्सीत चौदापैकी पाच तुकडे बाधित होते आणि त्यांतील एकात चौथा नमुना ३५ टक्के होता. पीएसए ९.४. अट पूर्ण झाली होती. गृहस्थांना वाईट वाटले, पण धक्का बसला नाही; आपण वर्ष वाया घालवले का, असे त्यांनी एकदाच विचारले. त्या वर्षात रोग ग्रंथीच्या बाहेर गेलेला नव्हता, वर्गीकरणाने तो अजूनही अनुकूल मध्यम गटातच होता, आणि चौदा महिने ते कोणत्याही दुष्परिणामाविना जगले होते. हे उत्तर दिलासा म्हणून दिले नाही. वस्तुस्थिती तशीच होती.

आता प्रश्न शस्त्रक्रिया की किरणोपचार, एवढाच उरला. किरणोत्सर्गी कण ग्रंथीत रुजवण्याची पद्धत मोठी ग्रंथी आणि आधीच्या लघवीच्या अडथळ्यामुळे बाजूला ठेवली. अतिशीत तापमानाने किंवा ध्वनिलहरींनी फक्त गाठ नष्ट करण्याच्या पद्धतींना अजून दीर्घकाळाचा तुलनात्मक पुरावा नाही, म्हणून त्यांचा विचार फार केला नाही.

शस्त्रक्रियेची बाजू खरोखरच भक्कम होती. पूर्ण ग्रंथी तपासता येते, त्यामुळे रोग नेमका कोठवर गेला होता ते कळते. पीएसए सहा-आठ आठवड्यांत जवळजवळ शून्यावर येते आणि पुढे ०.२च्या वर चढले तर ते लगेच ओळखू येते. अडलेली लघवी मोकळी होते. पत्नीचा मुद्दा याहून नेमका होता : ‘अहो, उद्या पुन्हा उद्भवला तर?’ शस्त्रक्रियेनंतर रोग परतल्यास किरणोपचार देता येतात. किरणोपचारानंतर रोग परतल्यास शस्त्रक्रिया बरीच अवघड आणि गळतीच्या दृष्टीने धोक्याची होते. पन्नाशीतल्या, निरोगी हृदयाच्या माणसासाठी हा मुद्दा मला निर्णायक वाटला असता. किरणोपचारानंतर अनेक वर्षांनी मूत्राशय किंवा गुदाशयात दुसरा कर्करोग होण्याचा छोटा धोकाही तरुण वयात अधिक मोजावा लागतो. यंत्रमानवी शस्त्रक्रियेने गळती टळेल का, असे मुलीने विचारले. रक्तस्राव आणि रुग्णालयातील मुक्काम त्या पद्धतीने कमी होतो. पण गळती व ताठरता यांच्या बाबतीत ऑस्ट्रेलियातील तुलनात्मक चाचणीत ती खुल्या शस्त्रक्रियेपेक्षा सरस ठरली नव्हती. यंत्रापेक्षा शल्यचिकित्सकाचा अनुभव पाहावा, हे त्या चाचणीनंतरही बदललेले नाही.

गृहस्थांनी किरणोपचार निवडले. वय आता पासष्ट होते, स्टेंट होता, आणि गळतीची भीती त्यांच्या मनात इतर सर्व गोष्टींच्या वर होती. लघवीची धार गोळीने सुधारलेली असल्याने किरणोपचाराच्या सुजेने लघवी पूर्ण अडण्याचा धोका पूर्वीइतका राहिला नव्हता. हार्मोन कमी करणारी इंजेक्शने द्यावीत का, यावर रेडिएशन तज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ दोघांशी बोलणे झाले. प्रतिकूल मध्यम गटात ती चार ते सहा महिने देतात. येथे त्यांचा लाभ थोडा होता आणि हृदयाच्या दृष्टीने ओझे होते, म्हणून ती दिली नाहीत.

किती बैठकांत किरणे द्यायची हाही एक निर्णयच होता. ‘चिप’ या ब्रिटिश चाचणीने २० बैठकांत दिलेले ६० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) हे ३७ बैठकांतील ७४ ग्रेपेक्षा कमी परिणामकारक नाहीत, हे २०१६ साली दाखवले. ‘पेस-बी’ चाचणीत केवळ पाच बैठकांत उपचार झालेल्यांचा रोग आटोक्यात राहण्याचे प्रमाण पाच वर्षांनी ९५.८ टक्के होते, दीर्घ उपचारांत ९४.६ टक्के. पाच बैठका सोयीच्या होत्या आणि त्यांना त्या हव्या होत्या. पण त्याच चाचणीत पाच वर्षांतील लघवीचा मध्यम वा अधिक त्रास पाच बैठकांच्या गटात सुमारे २७ टक्के आणि दुसऱ्या गटात १८ टक्के होता. ज्यांची सुरुवातच १७ गुणांपासून झाली होती त्यांच्यासाठी वीस बैठका ठरल्या.

पुढील अठरा महिने

तिसऱ्या आठवड्यापासून लघवीला वारंवार जावे लागू लागले आणि जळजळ झाली. उपचार संपल्यावर दीड महिन्याने ते शमले. नळी घालावी लागली नाही, पॅड लागले नाहीत. पीएसए सहा महिन्यांनी ३.६, वर्षाने १.९ आणि अठरा महिन्यांनी १.१ झाले. शस्त्रक्रियेसारखे ते एकदम शून्यावर येत नाही आणि मधेच थोडे वर उसळूही शकते, हे आधीच सांगून ठेवले होते, तरी पत्नी दर वेळी ‘अजून शून्य का नाही?’ असे विचारतात. शस्त्रक्रिया झालेल्या ओळखीच्या एका गृहस्थांचा आकडा त्यांना ठाऊक आहे आणि तुलना सुटत नाही.

सोळाव्या महिन्यात शौचातून दोनदा रक्त गेले. ॲस्पिरिनमुळे ते थोडे अधिक दिसले असावे. दुर्बिणीने तपासणाऱ्या डॉक्टरांना आधी किरणोपचार झाले असल्याची चिठ्ठी दिली, कारण किरणे लागलेल्या गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा घेतल्यास जखम नीट न भरण्याचा आणि कधी छिद्रही पडण्याचा धोका असतो. किरणांमुळे झालेली रक्तवाहिन्यांची जाळी दिसली, दुसरे काही निघाले नाही. विशेष उपचाराविना रक्त थांबले.

जुन्या अटींचा कागद त्यांनी फाइलमध्येच ठेवला आहे. त्याच्या मागच्या बाजूला नवी अट लिहिली आहे : पीएसए जितके खाली जाईल त्या सर्वांत खालच्या आकड्यावर २ची भर पडली, तरच रोग परतला असे समजून पुढची तपासणी करायची. तो खालचा आकडा अजून ठरायचा आहे. पुढचे रक्त सहा महिन्यांनी द्यायचे आहे. रात्री ते एकदा उठतात.